सुरतेचे परके

मराठी माणसाची सुरतेशी ओळख होते ती शालेय इतिहासाच्या पुस्तकात. जानेवारी 1664 आणि ऑक्टोबर 1670 या दोन स्वाऱ्या आमच्या स्मरणात इतक्या ठसलेल्या आहेत की, 'सुरत' म्हटले की पुढचा शब्द 'लूट' हाच ओठांवर येतो. ज्यांचे वाचन थोडे अधिक आहे त्यांना 1907 चे डिसेंबर आठवते. मुळात नागपूरला भरावयाचे काँग्रेसचे अधिवेशन मवाळांनी तापीकाठी हलविले, अध्यक्ष रासबिहारी घोष यांच्या निवडीवरून टिळक व्यासपीठावर उभे राहिले आणि कोणीतरी भिरकावलेला जोडा सुरेंद्रनाथ बॅनर्जी आणि फिरोजशहा मेहता या दोघांनाही लागला. तो जोडा मराठी बनावटीचा होता, असे तेथे हजर असलेल्या एका इंग्रज पत्रकाराने आवर्जून लिहून ठेवले आहे. त्यापुढे सुरत आमच्या नजरेआड झाली. त्याच सुरतेत आज काही लाख मराठी भाषक राहतात, याची दखल मात्र ना आमच्या पाठ्यपुस्तकांनी घेतली, ना राजकारणाने.

ही आठवण आज काढण्यास निमित्त आहे. निवडणूक आयोगाने मतदार याद्यांचे विशेष सखोल पुनरीक्षण नोव्हेंबर 2025 मध्ये ज्या बारा राज्यांत व केंद्रशासित प्रदेशांत हाती घेतले, त्यांत गोवाही होता आणि गुजरातही. अमुक गावचा 'सामान्यतः रहिवासी' कोण, हा कायद्यातला कोरडा प्रश्न या निमित्ताने घरोघर पोहोचला. आपल्या गोमंतकात हा प्रश्न कोरडा राहत नाही. येथे त्याला लगेच 'भायले' हा शब्द चिकटतो, आणि 'घाटी' हा शब्दही फार दूर नसतो. ज्यांच्या तोंडी हे शब्द सहज येतात त्यांनी सुरतेचा अलीकडचा इतिहास एकदा पाहावा. तेथे भायला कोण होता, हे त्यांना आपल्याच भाषेत ऐकू येईल.

सुरत ही मुळातच परक्यांनी घडविलेली नगरी. मोगल साम्राज्याचे पश्चिमेकडील मोठे बंदर आणि हजला जाणाऱ्यांचा दरवाजा म्हणून ती वाढली. विरजी व्होरांसारखे जैन सावकार, बोहरी आणि पारशी व्यापारी, आर्मेनियन, इंग्रज, डच, फ्रेंच अशा सर्वांच्या वखारी, पेढ्या आणि दफनभूमी तेथे होत्या. ज्या पोर्तुगिजांच्या छायेत आपल्या साडेचारशे वर्षांचा इतिहास घडला, त्यांनी 1530 च्या सुमारास सुरत जाळली होती आणि पुढे 1559 मध्ये जवळचे दमण घेतले. 1961 पासून 1987 पर्यंत 'गोवा, दमण आणि दीव' असा एकच केंद्रशासित प्रदेश होता. म्हणजे सुरतेच्या दक्षिणेला थोड्याच अंतरावरील एक शहर पणजीहून चालविले जात होते, हे आपल्यातले पुष्कळजण विसरले आहेत. इंग्रजांनी 1687 साली आपले मुख्य ठाणे मुंबईस नेले आणि मागोमाग माणसेही गेली. मुंबईच्या गोदीची कीर्ती ज्याने केली तो लवजी नसरवानजी वाडिया सुरतेहून आलेला. ज्या मुंबईत सुरतेचे वैभव वाहून गेले तेथे सुरतकरांना कोणी उपरे म्हटले नाही. पैसा आणि कसब बरोबर घेऊन येणाऱ्याला तसे सहसा म्हणत नाहीत.

1837 च्या भीषण आगीनंतर आणि पुरानंतर सुरत मागे पडली, तरी निस्तेज झाली नाही. 1844 साली सरकारने मिठावरचा कर मणामागे आठ आण्यांवरून रुपयावर नेला तेव्हा तिचे रहिवासी रस्त्यावर उतरले, आणि सरकारला वाढ कमी करावी लागली. दांडीच्या कितीतरी आधीचा हा मिठाचा लढा आम्हांस ठाऊक असावयास हवा होता. नगरपालिका 1852 ची. जरीचा धंदा घराघरांत टिकून होता, आणि विसाव्या शतकाच्या दुसऱ्या पावात त्याच कारागीर घराण्यांतून कृत्रिम रेशमाचे यंत्रमाग उभे राहिले. गिरण्यांच्या प्रचंड चिमण्या अहमदाबादेत आणि मुंबईत दिसल्या, सुरतेत गल्लीबोळांतून संचे खडखडू लागले. पुढे मोठ्या गिरण्या कोसळल्या तेव्हा या लहान खात्यांचा बाजार वाढला, कारण तेथे कामगार संघटना नव्हत्या आणि कामगार कायदे बहुधा कागदावरच राहत. सौराष्ट्रातून आलेल्या पाटीदारांनी हिऱ्यांच्या 'घंटी'वर बसून जगातले बहुतेक हिरे सुरतेत पैलू पाडवून घेतले, तर रिंगरोडवरच्या कापड मार्केटांत मारवाडी व्यापाऱ्यांनी बस्तान बसविले. 1961 मध्ये जेमतेम तीन लाखांच्या आत असलेल्या या शहराची वस्ती 2011 च्या जनगणनेत 44 लाखांवर गेली. जगातल्या फार थोड्या शहरांनी पन्नास वर्षांत अशी झेप घेतली असेल, आणि ती शहरात जन्मलेल्यांच्या बळावर घेतलेली नव्हती.

खानदेशी माणूस येथे कसा आला, हे सांगण्यासाठी नदीवर जावे लागेल. मध्यप्रदेशात मुलताईला उगम पावणारी तापी खानदेश ओलांडून सुरतेपाशी समुद्राला मिळते, आणि 1900 च्या सुमाराला झालेला तापी खोऱ्याचा लोहमार्ग तिच्या काठाकाठाने सुरतेला अमळनेरशी आणि पुढे भुसावळशी जोडतो. द्वैभाषिक राज्य 1 मे 1960 रोजी विभागले गेले तेव्हा डांग गुजरातला गेले, उंबरगाव तालुक्यातील गावे गेली, आणि उकाई धरणासाठी पश्चिम खानदेशच्या नवापूर, नंदुरबार, तळोदे, अक्कलकुवा या तालुक्यांतील गावेही गेली. डांगसाठी आमच्याकडे पुष्कळ शाई खर्च झाली. धरणाखाली जावयाच्या आदिवासी गावांसाठी फारशी झाली नाही. 1972 साली उकाई पुरे झाले. त्याच्या पाण्यावर सुरतेचे कारखाने चालले, शहराची तहान भागली आणि कालव्यांनी खालच्या मैदानात ऊस डोलू लागला. बारडोली परिसरातील सहकारी साखर कारखान्यांना तोडणीसाठी मजूर लागले, तेव्हा स्थानिक भूमिहीन हळपतींना डावलून ठेकेदारांनी खानदेशातून आदिवासी जोडपी आणली. या जोडप्याचे तेथील नावच 'कोयता'. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी या मजुरांवर अनेक वर्षे अभ्यास केला आहे. धरणाच्या वरच्या अंगाची जमीन पाण्याखाली गेली, आणि त्याच खोऱ्यातली माणसे खालच्या अंगाला त्याच पाण्यावर पोसलेला ऊस तोडू लागली. ऑगस्ट 2006 मध्ये उकाईतून सोडलेल्या पाण्याने सुरतेचा मोठा भाग बुडविला आणि शंभराहून अधिक बळी घेतले, तेव्हा नदीवर बांधलेल्या भरवशाची दुसरी बाजू शहरालाही कळली.

कोरडवाहू शेतीला कंटाळलेला आणि अमळनेर-धुळ्याच्या गिरण्या बंद पडल्याने हात रिकामे झालेला खानदेशी माणूस सुरतेत आला, तो ऊसतोड मजुरासारखा हंगामापुरता नव्हे. उधना, लिंबायत, पांडेसरा, डिंडोली या भागांत त्याने पत्र्याची खोली घेतली, बायकामुलांना आणले, अहिराणी बोलणारा शेजार जमविला, गणपती बसविला. गाव रेल्वेने एका रात्रीच्या अंतरावर असल्याने हे जमले, हे मान्य केले पाहिजे. पुढे त्याची मुले सुरतेत शिकली, शिधापत्रिका झाली, मतदार यादीत नाव आले. राजकीय पक्षांना मग तो दिसू लागला. जळगाव जिल्ह्यात जन्मलेले सी. आर. पाटील सुरतेत पोलीस शिपाई होते. पुढे ते सुरत शहराचा मोठा भाग असलेल्या नवसारी मतदारसंघातून 2009 पासून सातत्याने लोकसभेवर निवडून आले, 2019 साली तर देशातील सर्वाधिक मताधिक्याने. 2020 मध्ये ते गुजरातेत भाजपचे प्रदेशाध्यक्ष झाले आणि 2024 मध्ये केंद्रीय मंत्री. लिंबायतच्या आमदार संगीता पाटील याही मराठी भाषक. त्या पक्षाविषयी कोणाचे मत काहीही असो, पन्नास वर्षांपूर्वी ज्याला 'खानदेशी मजूर' म्हणून हाक मारीत त्या समाजाचा माणूस गुजरातच्या सत्ताधारी पक्षाचा प्रमुख होतो, ही घटना लहान नव्हे. मुंबईत परप्रांतीयांविरुद्ध घोषणा देताना आमच्या नेत्यांना तिची आठवण होत नाही, ही सोयीची विस्मृती आहे.

सर्वांनाच हे जमलेले नाही. ओडिशाच्या गंजम जिल्ह्यातून आलेला यंत्रमाग कामगार सुरतेत अनेक दशके आहे. परंतु त्याचे घर येथे नाही. मालकाच्या किंवा ठेकेदाराच्या 'मेस'मध्ये एका खोलीत दहाबारा माणसे राहतात. बारा तासांची दिवसपाळी करणारा रात्री ज्या चटईवर झोपतो तीच चटई दिवसा रातपाळीवाल्याच्या वाट्याला येते. मजुरी नगावर आणि मीटरवर. गाव इतके दूर आणि खोली इतकी तोकडी की, कुटुंब आणणे बहुतेकांना शक्यच होत नाही. खानदेशी आणि उडिया यांत कष्टाचा फरक नाही, सचोटीचाही नाही. पहिल्याला चूल मांडावयास जागा मिळाली, दुसऱ्याला मिळाली नाही.

त्याचा परिणाम संकटात दिसतो. अहमदाबाद 1969 साली पेटले तेव्हा सुरत तुलनेने शांत राहिली आणि त्याचा तिला अभिमान होता. बाबरी मशीद पडल्यानंतर डिसेंबर 1992 मध्ये मात्र या शहरात दीडशेहून अधिक माणसे मारली गेली, बहुसंख्य मुसलमान, आणि स्त्रियांवर जे अत्याचार झाले त्यांचे वर्णन येथे करणे शक्य नाही. शहर सावरू लागले तसे सारे खापर झोपडपट्टीतल्या 'उपऱ्या' मजुरांवर फोडण्यात आले. सुस्थित वस्त्यांतून आलेले हात आणि प्रोत्साहन देणारी तोंडे या हिशेबातून सहजी सुटली. आपण हिंदू वाचकांनी तरी ही पळवाट स्वीकारू नये, असे आम्हांस वाटते. सप्टेंबर 1994 मध्ये प्लेगची बातमी पसरली. काही दिवसांत लक्षावधी लोक आगगाडीने, बसने, मिळेल त्या वाहनाने पळाले, त्यांत अनेक खासगी डॉक्टरही होते. मृत्यू पन्नासच्या आसपास झाले, पण परदेशांनी भारताची विमाने रोखली. मग शहराला कळले की, ज्या वस्त्यांना गटार दिले नाही त्यांचे उंदीर बंगल्यांतही येतात. 1995 पासून आयुक्त एस. आर. राव यांनी झाडू हाती घेतला, बड्यांची अतिक्रमणेही पाडली, आणि 1996 साली 'इंटॅक' या संस्थेने सुरतेला देशातील दुसरे स्वच्छ शहर ठरविले. आपल्याकडे 2024 साली कुटबणच्या जेटीवर ट्रॉलरवरील परप्रांतीय कामगारांत कॉलरा पसरला आणि काहीजण दगावले. होडीवरच झोपणाऱ्या या माणसांना शौचालय नव्हते, हे त्यानंतर आपल्या लक्षात आले. ज्यांच्या हातून आपल्या ताटात मासळी येते त्यांच्याविषयी सुरतेचा गिरणीमालक आणि गोव्याचा ट्रॉलरमालक फार वेगळा विचार करीत नाहीत.

टाळेबंदीत, 10 एप्रिल 2020 रोजी, सुरतेच्या लसकाणा भागात मजूर रस्त्यावर आले. मजुरी द्या आणि गावी जाऊ द्या, एवढीच मागणी होती. दगडफेक झाली, गाड्या जळल्या, अटका झाल्या. मे महिन्यात श्रमिक गाड्या सुटल्या तेव्हा गंजमचे हजारो लोक निघून गेले आणि संचे थंडावले. काही महिन्यांनी मालकांना त्यांना परत बोलवावे लागले. कोणाची कोणाला गरज आहे, याचा एवढा स्पष्ट हिशेब क्वचितच मांडला जातो. मात्र या हिशेबाचे मतांत रूपांतर झालेले नाही. एप्रिल 2024 मध्ये सुरत लोकसभा मतदारसंघात काँग्रेस उमेदवाराच्या सूचकांनी सह्या आपल्या नाहीत असे सांगितल्याने अर्ज बाद झाला, उरलेल्यांनी माघार घेतली आणि भाजपचे मुकेश दलाल मतदानाविना निवडून आले. ज्या मतदारसंघात कतारगाम आणि वराछा यांसारखे संच्यांचे आणि हिऱ्यांचे भाग येतात, तेथे एकाही मतदाराला बोटाला शाई लावावी लागली नाही. त्यावर सुरतेच्या मेसमधून आवाज उठला असता, पण मेसमधल्या माणसाचे मत मुळात तेथे नव्हतेच.

हे शहर निर्दय आहे, असे आम्ही म्हणणार नाही. 'सुरतनुं जमण' चाखलेल्या कोणालाही तसे म्हणवणार नाही. महापालिकेच्या प्राथमिक शाळा गुजराती, मराठी, हिंदी, उर्दू, उडिया, तेलुगू आणि इंग्रजी अशा सात माध्यमांतून चालतात. गोव्यात कन्नड शाळेचा विषय निघाला की आपल्या सभांत काय बोलले जाते ते आठवून पाहावे, म्हणजे या सात भाषांचे मोल कळेल. मराठी शाळेत शिकलेली पिढी आज सुरतेत वकील आहे, दुकानदार आहे, नगरसेवक आहे. उडिया शाळेच्या वर्गात मात्र ज्यांना कुटुंब आणता आले त्यांचीच मुले बसतात. बाकीच्यांची मुले गंजमात शिकतात आणि बापाला वर्षातून एकदोनदा पाहतात.

मतदार यादीचा कर्मचारी त्या नोव्हेंबरात मेसच्या दारावर गेला असेल, तर दिवसपाळीची माणसे संच्यांवर होती, रातपाळीची झोपलेली होती, आणि बहुतेकांची नावे हजार मैलांवरच्या एखाद्या गावच्या यादीत होती.