पत्रे कापणाऱ्याची नोंद कोणाकडे?

पावसाळ्याआधीचे वादळ गिरणाकाठी येऊन गेले की पंचनामे होतात केळीचे आणि उडालेल्या छपरांचे. फुटक्या सिमेंटच्या पत्र्यांचे तुकडे कुठे गेले, हे मात्र कोणी विचारत नाही. भडगाव तालुक्यात काय किंवा धुळ्याकडे काय, ते कुठल्या तरी खड्ड्यात किंवा भरावात जातात.

या पत्र्यांत सिमेंटला बळकटी म्हणून अ‍ॅस्बेस्टॉसचे तंतू घातलेले असतात. डोक्यावर धडधाकट पत्रा आहे म्हणून घरच्यांनी घाबरून जाण्याचे कारण नाही. घात होतो तो पत्रा कापताना, भोक पाडताना, फोडताना. ग्राइंडर लागला की पांढरा धुरळा उठतो. कारागीर तोंडाला रुमाल गुंडाळतो आणि काम उरकतो. हे बारीक तंतू रुमालाला जुमानत नाहीत. ते फुप्फुसात रुततात, फुप्फुस निबर होत जाते, चार पायऱ्या चढताना दम लागतो. हा अ‍ॅस्बेस्टॉसिस. फुप्फुसाचा कर्करोग आणि त्याच्या आवरणाचा मेसोथेलिओमा तर बहुधा वीस-चाळीस वर्षांनी उगवतात. त्यात बिडीची सवय असेल तर फुप्फुसाच्या कर्करोगाचा धोका कित्येक पटींनी वाढतो.

मुंबईतल्या एका अ‍ॅस्बेस्टॉस गिरणीत डॉ. मुरलीधर आणि विजय कान्हेरे यांनी कामगार तपासले. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या अभ्यासात सुमारे २३ टक्के जणांना अ‍ॅस्बेस्टॉसिस आढळला. निदान ते कामगार हजेरीपटावर तरी होते. सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी १९९५ मध्ये आदेश दिला, की अशा कामगाराच्या आरोग्याची नोंद कामाला लागल्यापासून ४० वर्षे किंवा निवृत्तीनंतर १५ वर्षे, यांपैकी जी मुदत उशिरा संपेल तोवर ठेवावी. आदेश चोख आहे. पण गावोगाव रोजंदारीवर पत्रे ठोकणाऱ्याला ना हजेरीपट, ना निवृत्ती.

युरोपीय संघाने २००५ पासून अ‍ॅस्बेस्टॉस वापरावर बंदी घातली. आपल्याकडे खाणींना नवे परवाने नाहीत, पण रशियातून माल येतोच आणि स्वस्त म्हणून खपतोच. गरिबाने महागडे छप्पर घालावे, असे सांगण्याचा अधिकार आम्हाला नाही. सरकारी खर्चाच्या शेडवर मात्र हे पत्रे चढता कामा नयेत. नगरपरिषदेने फुटके तुकडे ओले करून, जाड प्लास्टिकमध्ये बांधून उचलण्याची सोय करावी. आणि ग्रामीण रुग्णालयात जुना खोकला घेऊन आलेल्या माणसाची थुंकी क्षयासाठी जरूर तपासावी, पण त्याने आयुष्यभर कोणते काम केले, हेही केसपेपरवर लिहावे.