गोठ्यातली माशी नेमकी कोणती?

गाय उभ्या जागी सारखी पाय आपटत असेल, तर वाकून तिच्या पायांकडे पाहावे. घरमाशीएवढीच एक राखाडी माशी तिथे डोके वर करून बसलेली दिसेल. तिच्या तोंडापुढे टाचणीसारखी ताठ सोंड आलेली असेल. हिचे नाव स्टोमोक्सिस. घरमाशीची सोंड मऊ असते. ती चाटते, पण तिला कातडी टोचता येत नाही. स्टोमोक्सिस टोचते आणि तिच्यात नर-मादी दोघेही रक्त पितात. गायीने शेपूट मारली की ती अर्धवट पोटी उठते आणि शेजारच्या जनावरावर जाऊन बसते. रोग पसरतो तो या अर्धवट पोटामुळे.

बुलढाणा जिल्ह्याने याची किंमत मोजलेली आहे. ऑगस्ट 2022 मध्ये शेजारच्या जळगाव जिल्ह्यात, रावेर तालुक्यात गुरांचा लम्पी त्वचारोग दिसला आणि पुढे बुलढाणा राज्यातल्या सर्वाधिक फटका बसलेल्या जिल्ह्यांत गेला. सप्टेंबरमध्ये सारे राज्य नियंत्रित क्षेत्र जाहीर झाले, गुरांचे बाजार बंद पडले. मेलेल्या गायीमागे 30 हजार, बैलामागे 25 हजार आणि वासरामागे 16 हजार रुपये मदत शासनाने ठरवली. लांब पल्ल्याचा प्रसार जनावरांच्या ने-आणीतून होतो. पण गावात एका दावणीवरून दुसऱ्या दावणीवर लम्पीचा विषाणू नेण्यात चावऱ्या माशा, डास आणि गोचीड यांचा मोठा वाटा असतो.

लम्पी रोखायला शेळ्यांच्या देवीची लस गायी-बैलांना टोचली गेली, आणि ते योग्यच झाले. माशीच्या बाबतीत मात्र ‘गोठ्यात फवारणी करा’ या एका वाक्यावर काम भागवले गेले. कोणती माशी, ती कुठे वाढते, हे फारसे कोणी विचारले नाही. या स्तंभाचा आक्षेप आहे तो इथेच.

कारण प्रत्येक माशीचे घर वेगळे असते. स्टोमोक्सिस अंडी घालते ती ओल्या, कुजत्या चाऱ्यात. गव्हाणीतून खाली पडलेले सोयाबीनचे कुटार, त्यात मिसळलेले मूत्र आणि शेण, वर पावसाची सर; एवढे तिला पुरते. उबदार हवेत दोन-तीन आठवड्यांत नवी पिढी उडते. भिंतींवर औषध मारले आणि गव्हाणीखालचा थर तसाच राहिला, तर पंधरवड्याने पुन्हा तेच. जगात अनेक ठिकाणी या माशा पायरेथ्रॉइड औषधांना दाद देईनाशा झाल्या आहेत. कडुलिंबाच्या पाल्याचा धूर माशा हुसकावतो, पण धूर विरेपर्यंतच. फावड्याने तो थर उपसून उन्हात पातळ पसरणे हा खरा उपाय, आणि त्याला एक रुपयाही लागत नाही.

म्हशीच्या पाठीवर, खांद्यावर डोके खाली करून बसणारी, घरमाशीच्या निम्म्या आकाराची माशी असेल, तर ती हिमॅटोबिया. ती जनावर सहसा सोडतच नाही. उतरते ती फक्त ताज्या शेणात अंडी घालायला. तिथे रोजच्या रोज शेण उचलले की निम्मे काम झाले. पूर्णाकाठच्या पूर्णाथडी म्हशी सांभाळणाऱ्यांनी ही खूण लक्षात ठेवावी. मोठ्या डोळ्यांची घोडमाशी नदी-नाल्यांच्या चिखलात वाढते. तिची पैदास रोखणे अवघड, म्हणून भर उन्हात जनावरे छपराखाली घेणे बरे. हीच माशी सर्रा रोगाचे परजीवी एका रक्तातून दुसऱ्या रक्तात नेते. 1880 मध्ये ग्रिफिथ इव्हान्स यांनी पंजाबात घोड्या-उंटांच्या रक्तात ते पहिल्यांदा पाहिले.

पावसाळ्यात बैलाला ताप भरून तो लंगडायला लागतो, तो तिवा. त्याच्यामागे डास आणि चिलटे असतात. मेंढ्यांमधला नीलजिव्हा रोगही चिलटांमुळेच पसरतो. धनगरांचे कळप ओलसर, दलदलीच्या जागी रात्री बसवू नयेत, ते त्यासाठी. आणि घरमाशी चावत नाही म्हणून ती निरुपद्रवी ठरत नाही. तिच्याच गोतातल्या काही माशा डोळ्यांतले पाणी चाटताना डोळ्यात जंत सोडून जातात. क्रायसोमिया नावाची माशी तर ताज्या जखमेच्या कडेला अंडी घालते आणि जखमेत आसडी पडते. शिंगाची, खुराची छोटी जखमसुद्धा उघडी ठेवू नये.

हे सगळे शेतकऱ्याला शिकवायला प्रयोगशाळा लागत नाही. जिल्ह्यातल्या घाटावरच्या आणि घाटाखालच्या प्रत्येक पशुवैद्यकीय दवाखान्यात चार-पाच माशांचे मोठे, स्पष्ट रंगीत चित्र भिंतीवर लागावे. सोंड कशी, बसते कुठे, डोके वर की खाली. जूनपासून ऑक्टोबरपर्यंत दर आठवड्याला निवडक गोठ्यांत एका गायीच्या पायांवरच्या माशा मोजून वहीत लिहाव्यात. संख्या चढू लागली की त्या गावात आधी गव्हाणी साफ होतील, मग फवारणी. अकोल्याची पशुवैद्यक संस्था इथून जवळ आहे. ओळख पटत नसेल ती माशी बाटलीत घालून तिकडे पाठवता येईल. जिल्हा परिषदेच्या पशुसंवर्धन विभागाने पुढच्या पावसाळ्याच्या आत निदान एका तालुक्यात हे सुरू करावे. जळगाव जामोदसारखा, राज्याच्या सीमेवरचा तालुका त्यासाठी योग्य ठरेल.