जात्याची घरघर गाळू नये

हेमा राईरकर व गी पॉइतवाँ यांनी मुळशीसह गावोगावच्या लाखभर ओव्या संकलित केल्या; १९९०च्या दशकात बर्नार बेल यांच्या सहभागाने त्यांचे ध्वनिमुद्रणही झाले. असे काम आज मराठीचा विद्यार्थीही घरच्या संगणकावर करू शकतो. मात्र ५.१ साउंड कार्डाचा मोह नको. त्यातून सहा वाहिन्या बाहेर पडतात. लाइन-इनमधून आत येतात बहुधा दोनच. ओवीला तेवढ्या पुरतात. छोट्या मिक्सरला दोन मायक्रोफोन जोडावेत: एक गळ्यापाशी, दुसरा जात्यापाशी. घरघर हा गोंगाट नव्हे, ती ओवीची लय आहे. छापील संग्रहांनी शब्द राखले, नाद राखता आला नाही. ध्वनिमुद्रणातही तो गाळला, तर आपण वर्गात नेमके काय शिकवणार?