दुसरा खांब कोणी काढला?

औंढा नागनाथ तालुक्यातील जवळा बाजार हे नावाप्रमाणेच बाजाराचे गाव. त्याचा कारभार ग्रामपंचायतीचा. दिवाबत्ती, गटारे, नळपाणी एवढाच तिचा संसार. शाळेच्या खोलीसाठी वा आरोग्य केंद्रासाठी सरपंचाला जिल्हा परिषदेची पायरी चढावी लागते.

मार्च २०२२ मध्ये हिंगोली जिल्हा परिषदेची मुदत संपली आणि लोकनियुक्त सदस्यांच्या जागी प्रशासक आला. मुदत संपण्यापूर्वी निवडणूक झालीच पाहिजे, असे घटनेचे कलम २४३-ई बजावते. राज्यकर्ते न्यायालयाकडे बोट दाखवितात. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाचा वाद खराच. परंतु एका सरकारने सदस्यसंख्या वाढवावी आणि दुसऱ्याने ती पुन्हा खाली आणावी, हा खेळ कोणत्या न्यायालयाने सांगितला होता? अखेर ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने चार महिन्यांत निवडणुका घेण्यास फर्मावले. तीही मुदत टळली.

डॉ. लोहियांच्या चौखंबा राज्यात गाव, जिल्हा, प्रांत व केंद्र हे चार खांब होते. १९६१ च्या वसंतराव नाईक समितीने तर जिल्हा हाच विकेंद्रीकरणाचा कणा मानून जिल्हाधिकाऱ्याला परिषदेबाहेर ठेवले. त्याच महाराष्ट्रात वर्षानुवर्षे एकटा अधिकारी अंदाजपत्रक मंजूर करतो! तो अधिकारी प्रामाणिकही असेल. पण मत मागायला त्याला जवळ्याच्या बाजारात यावे लागत नाही.

गटरचनेचे अधिकार २०२२ मध्ये कायदा करून सरकारने निवडणूक आयोगाकडून स्वतःकडे घेतले. ते आयोगाला परत करा, ही आमची पहिली मागणी आहे.