जायफळाचं दूध, मेलाटोनिन गमीज की दुपारचं ऊन? जेट लॅगवर नेमकं काय चालतं?

मे-जून आला की मुंबईच्या विमानतळावर अमेरिकेला निघालेल्या आई-बाबांची गर्दी वाढते. कुणाच्या मुलीचं बाळंतपण असतं, कुणाच्या नातवाची शाळेची सुट्टी. ऑगस्टच्या सुमारास विद्यार्थ्यांची रांग लागते. त्याच काळात व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप आणि इन्स्टाग्राम रील्सवर एक यादी फिरायला लागते: जायफळ घातलेलं दूध, तळपायाला तेल, अश्वगंधा, चेरीचा रस, गवतावर अनवाणी चालणं, होमिओपथीच्या गोळ्या आणि अलीकडे मेलाटोनिनच्या रंगीत गमीज.

त्यात प्रवासही लांबला. एप्रिल २०२५ मध्ये पाकिस्तानने भारतीय विमान कंपन्यांसाठी हवाई हद्द बंद केली. त्यानंतर अमेरिका आणि युरोपकडे जाणाऱ्या भारतीय कंपन्यांच्या अनेक विमानांना वळसा घ्यावा लागला, काहींना वाटेत इंधनासाठी थांबावं लागलं. साहजिकच 'नैसर्गिक' उपायांना मागणी आहे. पण यातले किती उपाय खरंच उपयोगी आहेत?

आधी एक गल्लत दूर करू

लांबलचक प्रवासाचा थकवा आणि जेट लॅग या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. पंधरा-सोळा तास आखडून बसणं, कोरडी हवा, अर्धवट झोप यामुळे येतो तो थकवा. एक-दोन रात्री नीट झोप झाली की तो जातो. मुंबईहून विमान थेट उत्तरेला किंवा दक्षिणेला गेलं, तरी थकवा येईल. जेट लॅग मात्र येणार नाही, कारण घड्याळ फारसं बदलत नाही.

जेट लॅग होतो तो शरीरातल्या घड्याळामुळे. मेंदूच्या हायपोथॅलॅमस या भागात सुमारे २० हजार पेशींचा एक पुंजका आहे. झोप, भूक, शरीराचं तापमान, संप्रेरकं या सगळ्यांचं वेळापत्रक तो सांभाळतो. हे घड्याळ पेशींच्या आत कसं चालतं याचा उलगडा करणाऱ्या जेफ्री हॉल, मायकेल रॉसबॅश आणि मायकेल यंग या शास्त्रज्ञांना २०१७ मध्ये वैद्यकशास्त्राचं नोबेल मिळालं.

विमान काही तासांत साडेनऊ तासांचा फरक ओलांडतं, पण हे घड्याळ तेवढ्या वेगाने सरकत नाही. पश्चिमेकडे जाताना ते दिवसाला साधारण दीड तास सरकतं, पूर्वेकडे येताना साधारण एक तास. बहुतेकांचं घड्याळ मुळातच २४ तासांपेक्षा किंचित मोठं असतं, त्यामुळे दिवस लांबवणं त्याला सोपं जातं आणि आखडणं अवघड. म्हणूनच अनेकांना अमेरिकेला जाताना होतो त्यापेक्षा परत आल्यावर जास्त त्रास होतो.

उपाय पारखायचा कसा?

प्रत्येक उपायाला एकच प्रश्न विचारायचा: हा घड्याळ सरकवतो, की नुसती झोप आणायला मदत करतो, की यातलं काहीच करत नाही?

यादीतले बहुतेक घरगुती उपाय दुसऱ्या गटातले आहेत. कोमट दूध, तळपायाला काशाच्या वाटीने तेल किंवा तूप चोळणं, योगनिद्रा, संथ श्वसन यांनी शरीर शांत होतं. झोपेची वेळ झाली असेल तर डोळा लागायला मदत होते. हे वाईट नाही. पण यांमुळे शरीराचं घड्याळ सरकतं, असं दाखवणारा भक्कम पुरावा नाही. न्यूयॉर्कमध्ये पहाटे दोनला जाग येते, कारण मुंबईत तेव्हा सकाळचे साडेअकरा वाजलेले असतात. दूध प्यायल्याने ते साडेअकरा बदलत नाहीत.

जायफळाबाबत एक इशारा मात्र हवा. चिमूटभर ठीक, पण चांगली झोप लागावी म्हणून चमचाभर घेतलं तर ते विषारी ठरू शकतं. मळमळ, धडधड, भास असे त्रास होऊ शकतात. अश्वगंधेवर झोपेसंदर्भात काही छोटे अभ्यास झाले आहेत, पण ते जेट लॅगवरचे नाहीत. शिवाय काही लोकांमध्ये अश्वगंधेमुळे यकृताला इजा झाल्याच्या नोंदी आहेत. थायरॉइड किंवा मधुमेहाची औषधं चालू असतील, तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय ती घेऊ नये.

आंबट चेरीच्या रसात मेलाटोनिन असतं हे खरं, पण प्रमाण अगदीच नगण्य. होमिओपथीच्या गोळ्यांचा जेट लॅगवर परिणाम होतो, असं विश्वासार्ह चाचण्यांत दिसलेलं नाही. गवतावर अनवाणी चालण्याचा फायदा कुणाला जाणवला, तर त्याचं श्रेय बहुधा गवताला नाही, बाहेरच्या उजेडाला आहे.

उजेड: फुकटचं औषध, पण वेळ चुकली तर उलटं

शरीराचं घड्याळ सरकवणारी सर्वांत प्रभावी गोष्ट म्हणजे डोळ्यांवर पडणारा उजेड. एकेकाळी गुडघ्याच्या मागे उजेड पाडूनही घड्याळ सरकतं, असा दावा 'सायन्स' या नियतकालिकात १९९८ मध्ये छापून आला होता. नंतर काळजीपूर्वक केलेल्या प्रयोगांत तो टिकला नाही. रस्ता डोळ्यांतूनच जातो. घरातल्या दिव्यांचा प्रकाश काहीशे लक्स असतो, तर ढगाळ दिवशीही बाहेर काही हजार लक्स मिळतात. त्यामुळे खिडकीत बसण्यापेक्षा बाहेर पडणं कितीतरी चांगलं.

पण 'सकाळचं ऊन घ्या' हा सरसकट सल्ला इथे फसतो. नेहमीच्या उठण्याच्या वेळेआधी साधारण दोन-तीन तास शरीराचं तापमान सर्वांत कमी असतं. रोज साडेसातला उठणाऱ्यासाठी ही वेळ पहाटे पाचच्या आसपास येते. या क्षणाच्या आधी काही तास मिळालेला उजेड घड्याळ मागे ढकलतो, तर नंतर मिळालेला पुढे ओढतो.

आता उन्हाळ्यातला मुंबई-न्यूयॉर्क प्रवास पाहू. मुंबईचे पहाटेचे पाच म्हणजे न्यूयॉर्कचे आदल्या संध्याकाळचे साडेसात. पश्चिमेला गेल्यावर घड्याळ मागे न्यायचं असतं. म्हणजे पहिले दोन-तीन दिवस दुपारी आणि संध्याकाळी बाहेर राहणं फायद्याचं. अडचण अशी, की नेमकी तेव्हाच शरीराची मध्यरात्र असते. दुपारी एकला डोळे मिटायला लागतात आणि माणूस पडदे ओढून चार तास झोपतो. जेट लॅग लांबतो तो इथे. अगदीच राहवलं नाही, तर गजर लावून अर्ध्या तासाची डुलकी घ्यावी आणि मग फिरायला बाहेर पडावं.

परतीचं गणित वेगळं. न्यूयॉर्कचे पहाटेचे पाच म्हणजे मुंबईचे दुपारचे अडीच. घड्याळ पुढे ओढायचं असेल, तर पहिल्या दिवशी सकाळचं कडक ऊन टाळून किंवा गॉगल लावून दुपारी अडीचनंतर बाहेर पडायला हवं. पुढे ही वेळ रोज तासाभराने अलीकडे आणायची. उतरल्या उतरल्या सकाळी सहाला मैदानावर चालायला जाणाऱ्याचं घड्याळ उलट्या दिशेला ढकललं जाऊ शकतं. लंडनहून येणाऱ्यासाठी उन्हाळ्यात हीच सीमारेषा सकाळी साडेनऊच्या आसपास येते.

मेलाटोनिन 'नैसर्गिक' आहे म्हणून निर्धोक आहे का?

मेलाटोनिन हे अंधार पडल्यावर शरीर स्वतःच तयार करतं ते संप्रेरक. यादीतल्या गोळ्यांपैकी बरा पुरावा आहे तो याचाच. २००२ च्या कॉक्रेन आढाव्यात १० चाचण्या तपासल्या गेल्या. पाच किंवा अधिक कालविभाग ओलांडणाऱ्यांनी पोहोचलेल्या ठिकाणच्या झोपेच्या वेळी मेलाटोनिन घेतल्यावर बहुतेक चाचण्यांत जेट लॅग कमी झाल्याचं दिसलं. अर्धा ते पाच मिलिग्रॅम मात्रा साधारण सारख्याच परिणामकारक होत्या. पाचपेक्षा जास्त घेऊन वेगळा फायदा दिसला नाही. चुकीच्या वेळी, म्हणजे दिवसा घेतलं, तर मात्र झोप येते आणि नव्या वेळेशी जुळवून घेणं आणखी लांबतं.

खरी अडचण बाटलीत आहे. अमेरिकेत मेलाटोनिन आहार-पूरक म्हणून किराणा दुकानातही मिळतं, तर ब्रिटनमध्ये त्याला डॉक्टरांची चिठ्ठी लागते. २०२३ मध्ये 'जामा' या वैद्यकीय नियतकालिकात अमेरिकेतल्या २५ गमीजची तपासणी प्रसिद्ध झाली. त्यातल्या २२ वरची माहिती चुकीची निघाली. लेबलवर लिहिलेल्या प्रमाणाच्या ७४ टक्क्यांपासून ३४७ टक्क्यांपर्यंत मेलाटोनिन आढळलं. एका उत्पादनात तर ते अजिबातच नव्हतं.

वॉरफेरिनसारखी रक्त पातळ करणारी औषधं घेणाऱ्यांनी आणि अपस्माराचा त्रास असणाऱ्यांनी डॉक्टरांशी बोलल्याशिवाय मेलाटोनिन घेऊ नये. वयस्कर प्रवाशांत या औषधांचं प्रमाण बरंच असतं, म्हणून मुलीने कौतुकाने दिलेली गमी तोंडात टाकण्याआधी हे लक्षात ठेवायला हवं.

उपवास, पाणी, कॉफी

अमेरिकेतल्या अर्गॉन राष्ट्रीय प्रयोगशाळेचे चार्ल्स एरेट यांनी एक दिवस भरपेट, एक दिवस हलका आहार असा 'अर्गॉन डाएट' मांडला होता. जेवणाच्या वेळा यकृतासारख्या अवयवांच्या घड्याळांवर परिणाम करतात, हे खरं. पण हा आहार जेट लॅग हमखास थांबवतो, असं म्हणण्याइतका पुरावा नाही. पोहोचल्यावर तिथल्या वेळेनुसार जेवायला सुरुवात करणं पुरेसं आहे.

भरपूर पाण्याने कोरडेपणा आणि डोकेदुखी कमी होते, घड्याळ सरकत नाही. कॉफीने दिवसा तरतरी येते, पण तिचा अंमल बरेच तास टिकतो. म्हणून झोपेच्या किमान सहा तास आधी ती थांबवावी. विमानातल्या दारूने झोप येते, पण ती तुटक असते.

धोका कुठे आहे?

जेट लॅगला गमतीने घेतलं जातं, कारण तो आपोआप जातो. पण त्या आठवडाभरात काही गोष्टी उलट्या पडू शकतात. मधुमेहाचं इन्सुलिन घेणाऱ्यांसाठी पश्चिमेला जाताना दिवस साडेनऊ तासांनी लांबतो आणि येताना तेवढाच आखडतो. डोसांचं वेळापत्रक निघण्याआधीच डॉक्टरांकडून लिहून घ्यायला हवं. झोपेची गोळी घेऊन विमानात तासन्‌तास न हलता पडून राहिल्यास पायात रक्ताची गुठळी होण्याचा धोका वाढतो.

मुंबईला उतरून लगेच स्वतः गाडी चालवत पुणे-नाशिक गाठणं टाळावं. बाहेर दिवस असला, तरी शरीराची तेव्हा मध्यरात्र असू शकते. तसंच अमेरिकेत पोहोचलेल्या आजी-आजोबांवर पहिल्याच दुपारी तान्ह्या बाळाला एकट्याने सांभाळायची वेळ आणू नये. त्यांना तीन-चार दिवस द्यावेत आणि दुपारी चारला सोबत फिरायला न्यावं. रात्री तळपायाला तेल जरूर लावावं, फक्त घड्याळ सरकवायचं काम उजेडावर सोडावं.