दारात गुलमोहर नको, बहावा लावा

पाऊस पडला की जो तो घरासमोर गुलमोहर लावतो. लवकर वाढतो, सावली देतो, हे खरं. पण झाड मूळचं मादागास्करचं. मुळं वरवर पसरतात, लाकूड ठिसूळ. वळवाच्या वादळात फांदी मोडली की थेट पत्र्यावर. लावायचाच तर घरापासून लांब, मोकळ्या जागेत लावा.

माझं मत, साक्रीच्या कोरड्या हवेला दारात बहावाच बरा. आपल्याच रानातला, एकदा मूळ धरलं की कमी पाण्यात तगतो, शेळ्याही सहसा तोंड लावत नाहीत. एप्रिल-मेमध्ये पिवळेधम्मक घोस, त्यावर भुंग्यांची गर्दी.

बी मात्र टणक. एका बाजूनं पॉलिश पेपरवर घासा, रात्रभर पाण्यात भिजवा, मग पिशवीत लावा. रोप भिंतीपासून 10-12 फूट सोडून लावा, पहिले दोन उन्हाळे पाणी द्या. फुलायला काही वर्षं लागतात, तेवढा दम धरायचा.

दोन गोष्टी ध्यानात ठेवा. शेंगवर्गीय असला तरी याच्या मुळांवर नत्राच्या गाठी येत नाहीत. आणि शेंगेतला मगज रेचक आहे, लहान लेकरांना लांब ठेवा.