जात उच्चारल्याने एकजूट फुटते काय?

अमेरिकेतील वर्णद्वेषाची एखादी भीषण बातमी आली, की आपल्याकडील सुशिक्षित मध्यमवर्गाला नैतिक उत्साह चढतो. मे २०२० मध्ये मिनीआपोलिस शहरात पोलिसाने जॉर्ज फ्लॉइड या कृष्णवर्णीयाचा भर रस्त्यात जीव घेतला, तेव्हाही हेच दिसले. अमेरिकन माणूस वर्णाच्या प्रश्नावर मोकळेपणाने व प्रामाणिकपणे बोलत नाही, असे म्हटले जाते. त्यात तथ्य आहेच. २०२१ पासून तेथील अनेक राज्यांनी शाळेत वर्णभेदाविषयी काय शिकवावे यावर कायद्याने बंधने घातली आहेत. परंतु त्याच देशात १७९० च्या पहिल्या जनगणनेपासून वर्णाची नोंद होत आली आहे. आणि १९६८ साली खुद्द राष्ट्राध्यक्षांनी नेमलेल्या कर्नर आयोगाने शहरांतील दंगलींचे मूळ गोऱ्यांच्या वर्णद्वेषात असल्याचे सरकारी अहवालात लिहून ठेवले.

आपल्या जनगणनेतून मात्र १९३१ नंतर सर्व जातींचे आकडे प्रसिद्ध झालेले नाहीत. ३० एप्रिल २०२५ रोजी केंद्र सरकारने येत्या जनगणनेत जात नोंदवण्याचा निर्णय जाहीर केला, आणि जात विचारल्याने समाज फुटेल ही जुनीच भीती पुन्हा बोलून दाखवली जाऊ लागली. सनातन्यांच्या तोंडी ती शोभते. पण कामगार चळवळीतही हीच भीती वेगळ्या शब्दांत वावरत असते: जातीचा विषय काढला तर वर्गाची एकजूट मोडेल! या शंकेचे उत्तर पुस्तकात शोधण्याची गरज नाही. ते चेन्नईच्या पेरांबूर भागात, एका गिरणीच्या दाराशी, शंभर वर्षांपूर्वीच मिळालेले आहे.

या शहराचा कामगार चळवळीतील मान मोठा आहे. १९१८ साली येथे मद्रास लेबर युनियन स्थापन झाली. १९२३ साली सिंगारवेलू यांनी देशातील पहिला मे दिन येथेच साजरा केला. या दोन तारखा आपण अभिमानाने सांगतो. त्यांच्या मधोमध १९२१ हे साल येते, आणि त्याविषयी आपण सहसा बोलत नाही. त्या वर्षी बकिंगहॅम व कर्नाटिक गिरण्यांत मोठा संप झाला. थोड्याच महिन्यांपूर्वीच्या लढ्याने कामगार आधीच कर्जबाजारी झाले होते. सवर्ण व मुसलमान कामगार संपावर राहिले. आदि-द्रविड कामगारांपैकी बहुसंख्य कामावर गेले. मालकांना आणि गोऱ्या सरकारला हवे होते तेच झाले. पुलियांतोप वस्तीत झोपड्या पेटल्या, कामगाराने कामगाराचे डोके फोडले, पोलिसांनी गोळ्या झाडल्या, माणसे मेली आणि संप बुडाला.

आदि-द्रविडांना ‘फितूर’ म्हणून मोकळे होणे सोपे होते. जस्टिस पक्षाच्या पुढाऱ्यांनी तर सरकार या लोकांचे फाजील लाड करते, अशी तक्रार केली; त्यानंतर दोनच वर्षांत आदि-द्रविडांचे नेते एम. सी. राजा त्या पक्षातून बाहेर पडले. पण ज्याला चाळीतल्या विहिरीवर पाणी मिळत नाही, ज्याच्या शेजारी बसून सहकामगार भाकरी खात नाही, त्याने संपाच्या दिवशी मात्र बंधुभावाची हाक ओळखावी, ही अपेक्षा कोणत्या न्यायाने करायची? पेरांबूरची एकजूट जात उच्चारल्यामुळे फुटली नव्हती. ती आधीच फुटलेली होती, आणि ते कोणी बोलत नव्हते, एवढेच.

मुंबईच्या वाचकाला येथे १९२८ चा सार्वत्रिक संप आठवल्यावाचून राहणार नाही. गिरण्यांच्या विणाई खात्यात पगार अधिक; पण त्या खात्यात अस्पृश्यांना प्रवेश नव्हता. कारण काय, तर धोट्यातून सूत ओढताना ते तोंडाने ओढावे लागे, आणि त्या धोट्याला अस्पृश्याची थुंकी लागली तर सवर्ण विणकराला विटाळ! यंत्र विलायतेचे, सूत गिरणीचे, नफा मालकाचा, आणि विटाळ मात्र आमचा. डॉ. आंबेडकरांनी हा प्रश्न संपाच्या नेत्यांपुढे उभा केला. मागण्यांच्या यादीत तो घ्या, नाहीतर आमच्या माणसांनी संपात का यावे, असा त्यांचा रोकडा सवाल होता. मागणी यादीत आली, पण अनिच्छेने. ती मालकांपुढे गेली तेव्हा, हा अन्याय असलाच तर तो आमच्याकडून होत नाही, असे त्यांनी सुनावले. मालकाच्या तोंडून असे खरे क्वचितच निघते, आणि म्हणूनच ते झोंबते.

१९६८ हे साल तर या संदर्भात दोनदा आठवावे असे आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत अमेरिकेच्या मेम्फिस शहरात कचरागाडीत चिरडून दोन सफाई कामगार ठार झाले. संप पुकारला गेला. संपकरी जवळजवळ सारे कृष्णवर्णीय होते. त्यांच्या मागण्या पगाराच्या व युनियनच्या मान्यतेच्या होत्या, पण गळ्यातल्या पाट्यांवर एवढेच लिहिले होते की मी माणूस आहे. मजुरी आणि वर्ण हे दोन प्रश्न त्यांनी वेगळे केले नाहीत. त्याच वर्षी २५ डिसेंबरच्या रात्री तंजावर जिल्ह्यातील कीळवेण्मणी गावात एका झोपडीत कोंडून ४४ जणांना जाळण्यात आले. बहुतेक स्त्रिया, मुले व म्हातारी माणसे. लाल बावट्याखाली जमून मजुरीत थोडे अधिक भात मागितले, हा त्यांचा अपराध. आणि ती सारी माणसे दलित होती. १९७३ साली उच्च न्यायालयाने जमीनदारांना निर्दोष सोडले. एवढे श्रीमंत लोक स्वतः चालत जाऊन आग लावतील हे न्यायालयाला संभवनीय वाटले नाही. वेण्मणीचे हुतात्मे शेतमजूर होते, हे डाव्या लिखाणात नेहमी ठळकपणे येते. त्यांची जात पुष्कळदा कंसात राहिली. तो कंस काढला पाहिजे. आणखी अर्धे माप भात मागणारा हात जर सवर्णाचा असता, तर एवढी सारी वस्ती पेटवण्याचे धाडस झाले असते काय?

तमिळनाडूत नावावरून जात सहसा कळत नाही. १९२९ च्या चेंगलपट्टू परिषदेत स्वाभिमान चळवळीने जातिवाचक नावे टाकून देण्याचा ठराव केला, आणि लोकांनी तो खरोखर पाळला. आडनाव ऐकताच माणसाचे कुळ ताडणाऱ्या मराठी समाजाला हे साधलेले नाही. तरीही ऑगस्ट २०२३ मध्ये नांगुनेरी येथे एका दलित विद्यार्थ्यावर शाळासोबत्यांनी घरात शिरून कोयत्याने वार केले. त्यानंतर नेमलेल्या न्यायमूर्ती चंद्रू समितीला जून २०२४ च्या अहवालात, मुलांच्या मनगटावरील जातिदर्शक रंगीत धागे बंद करा, अशी शिफारस करावी लागली. नावातून गेलेली जात मनगटावर येऊन बसली होती.

मदुराई जिल्ह्यातील उत्तपुरम गावात दलित वस्तीला अडवणारी भिंत जवळजवळ दोन दशके उभी होती. २००७ साली स्थापन झालेल्या तमिळनाडू अस्पृश्यता निर्मूलन आघाडीने आणि डाव्या कार्यकर्त्यांनी तिला ‘गावातला वाद’ न म्हणता अस्पृश्यतेची भिंत म्हटले, आणि मे २००८ मध्ये सरकारला तिचा एक भाग पाडून रस्ता करून द्यावा लागला. निषेध म्हणून वरच्या जातीची कुटुंबे गाव सोडून डोंगरावर जाऊन बसली. त्यांच्यातही कष्टकरी होते. त्यांच्याशी बोलायला कोणी जायचे, आणि काय बोलायचे, हा प्रश्न प्रत्येक जिल्हा समितीने आपल्या कार्यक्रमपत्रिकेवर घ्यावा. जनगणनेचा कारकून दारात येईल त्याआधी तो घेतला तर अधिक बरे.